छत खाली

भिलाई, ऑक्टोबर १९८७, मंगळवार रात्र.

जीव थाऱ्यावर नाही. सुपेल्यातल्या आमच्या प्रकाशच्या हॉटेलाची गच्ची पाहून आलो. चार मजल्यांच्या वर, उघड्यावर पोराने टेबलं मांडली आहेत, रविवारी उद्घाटन. काय हवा! स्टील प्लँटचा तांबूस उजेड आभाळात. शाळेतल्या चांदण्याच्या सगळ्या कविता ओठांवर आल्या. मग जिना मोजला. एकच, अडीच फूट रुंदीचा.

"बाबा, कावून घाबरून राहिले? लिफ्ट लावली ना!"

"आग लागली की लिफ्ट बंद करा लागते रे. शंभर लोकं उतरतीन कुठून?"

"मंग तुम्हीच कावून लिवलं, छत खाली?" हसला.

खरं आहे. निवृत्त ड्राफ्ट्समन मी, नकाशा माझाच. बांधकाम मंजुरीच्या हिंदी अर्जात 'छत खाली' लिहिलं, म्हणजे रिकामी. रिकाम्या छताला दुसरा जिना कोण मागतो? तो वर काय करणार, हे तेव्हा ठाऊक नव्हतं का? थोडं होतं. नाही, चांगलंच होतं. खाली! आपल्या मराठीतलं 'खाली' मात्र मी विसरलो. तिथे लोकांना पोचवायचं कसं?

जेवताना सांगून टाकलं, "उद्या मंजुरीच्या ऑफिसात जाऊन नकाशावरची सही मागे घेतो. दुसरा जिना झाल्याशिवाय गच्ची उघडायची नाही."

"कार्ड वाटले, बाबा. लोकं हसतीन."

"हसू दे."

तो ताटावरून उठला. सूनबाई त्याचं ताट झाकून ठेवते आहे आणि माझ्याकडे पाहत नाही.