माळढोकाच्या माळावरचा सत्कार

कर्जत, ऑगस्ट १९७१

आप्पा,

एरवी थोरले भाऊ म्हणून वर 'तीर्थरूप' लिहिते, आज लिहवत नाही.

बारा वर्षं तुम्ही रेडिओवरून माळढोक वाचवताय, म्हणून गावाने सत्कार ठरवला. मंडप कुठे, तर माळढोकाच्याच माळावर! हट्ट तुमचाच. तिथे उघड्यावर अंडं आहे, हे मी पत्राने कळवलं होतं. छबूबाई धनगरीण पंधरा दिवस मेंढरं लांबून वळवत होती.

भोंगा सुरू झाला तशी ती धावत आली. "पक्षीन उठली वं! कावळं टपल्यात. आवाज बंद करा आदी!"

तुम्ही हसलात. "मावशी, पाखरांचं आम्हालाच शिकवता व्हय?" सगळा मंडप हसला.

दुपारी तिने फुटकं कवच पदरातून आणून तुमच्यासमोर धरलं. तुम्ही ते रुमालात बांधून घेतलंत, पुढच्या भाषणात हळहळायला!

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुमचं मानपत्र मीच लिहिलं होतं. छबूबाई ओरडत होती तेव्हा भोंग्यावर मीच ते वाचत होते. तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. मी थांबले नाही.

तुम्हाला शोभणारी बहीण,
चांगुणा