अकराव्या खुंटीवरचा पेला

मी, जेबेझ थर्केटल, वय अडुसष्ट, सफोक परगण्यातील हॅलिंगफेन गावच्या 'तीन बगळे' या सरायीचा मालक, माझ्यामागे कोणाला काय मिळावे हे आज लिहून ठेवतो. पाय सुजलेत, डोकं ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. केली असती तर ऐकली नसती.

सराय, तळघर आणि बिअर गाळण्याची भांडी पुतणी डॉर्कस हिला. अट एकच, पाणी घालायचं नाही.

भिंतीवरचं घड्याळ भाऊ सायलस याला. आईच्या दफनाला तो उशिरा आला होता. पुढे तरी सबब नको.

रोजच्या गिऱ्हाइकांचे खुंट्यांवरचे पेले ज्याचे त्याला द्यावेत. अकराव्या खुंटीवरचा पेला एबल फिस्कचा. तो माझ्यासोबत पुरावा. का, ते सांगणं भाग आहे.

पोटावर पाय आला म्हणून शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली त्या साली नांगऱ्या एबलवर वॉरंट निघालं. मी त्याला तळघरात लपवलं. शिपायांनी गिरणीवर एबलची चौकशी केली आणि ते थेट माझ्याकडे आले. मी म्हणालो, "एबल? आठवडाभर फिरकला नाही मेला." त्यातला एक शिपाई आमच्याच गावचा, कोणती खुंटी कोणाची हे त्याला पाठ. "मग त्याचा पेला कुठाय, जेबेझ?" पेला माझ्याच हातात होता, काठोकाठ भरलेला. चार वाजले की एबलचा पेला भरायचा, ही माझी बारा वर्षांची सवय. हात आपोआप गेला होता. त्यांनी तळघर उघडलं, आणि एबलला शिक्षा म्हणून जहाजात घालून समुद्रापार नेलं. तो परत आला नाही.

वर्षाच्या आत गावाने गाणं रचलं. त्यात मी दिलदार सरायवाला आणि चुगली करणारा गिरणीवाला ओबडाया गर्लिंग. शिपाई काय बोलला ते बाहेर कोणी ऐकलं नव्हतं. गाणं सुरू झालं की मध्ये तोंड घालायचं नाही, हा आमच्या बैठकीचा रिवाज. त्याच्या आड मी बत्तीस वर्षं लपलो. ओबडायाच्या मुलीच्या लग्नात चर्चच्या दारात पोरांनी तेच गाणं म्हटलं. ती रडली. मी तिथे होतो आणि टोपीशी चाळा करत राहिलो. मला स्वतःची लाज वाटते.

म्हणून गिरणीलगतचं माझं कुरण ओबडायाला. त्याने दोनदा विकत मागितलं, मी दोनदा नाही म्हटलं. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आणि माझ्या दफनानंतरच्या जेवणात ते गाणं पुरतं म्हणावं, त्याच्या नावाच्या जागी माझं नाव घालून. रिवाजाप्रमाणे मध्ये कोणी थांबवू नये.

सहीआधी ही भर: आज ओबडायाला बोलावून वरचं सगळं वाचून दाखवलं. तो समोर बसलेल्या माझ्या वकिलांना म्हणाला, "साक्षीदार कोण?"

वकील म्हणाले, "तुम्हाला होता येणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कुरण जाईल."

"जाऊ दे," ओबडाया म्हणाला. "माझं नाव या कागदावर पाहिजे. टाक द्या इकडे."

मी हात पुढे केला. त्याने टाक घेतला, हात घेतला नाही. कुरणही आता डॉर्कसला.

ठिकाण: हॅलिंगफेन. दिनांक: १९ नोव्हेंबर १८६२.

सही: जेबेझ थर्केटल

आमच्यासमोर सही झाली:
एनॉक प्रिक, वकिलांचा कारकून
ओबडाया गर्लिंग, गिरणीवाला