गोलची पांढरी नळी

८ सप्टेंबर

ठण्ण! — जरा थांबून पुन्हा ठण्ण! पोकळ लोखंडी नळी दगडावर आपटली की असाच आवाज येतो. मी तो एकावन्न वर्षांपूर्वी ऐकला, त्यानंतर कुठे ऐकू नये म्हणून किती रस्ते बदलले! आज सकाळी टोकियोत, फुनाबोरीत, चौथ्या मजल्यावर, चहा पिताना तो खालून आला. कप बशीत ठेवून दिला.

खिडकीतून पाहिलं. परांची बांधतायत. इमारतीला रंग द्यायचाय म्हणे. पांढरा.

येमिमा म्हणाली, “पप्पा, महिनाभर चालेल. कान झाकून घ्या.” आणि युनिव्हर्सिटीला गेली. तिला काय माहीत! माहीत आहे खरं तर. पण कानाने माहीत नाही.

९ सप्टेंबर

बेल वाजली. दारात रंगकामाचा मुकादम, हातात पातळ कागदात गुंडाळलेला टॉवेल. कमरेत वाकला. शेजारची कस्तुरी जाता जाता थांबली, तिने सांगितलं — “काका, आवाजाचा त्रास होईल म्हणून माफी मागतायत. इथे अशीच पद्धत आहे. प्रत्येक घरी जातात.”

आवाजाची माफी! दारात येऊन! टॉवेल घेऊन!

मी टॉवेल घेतला आणि आत येऊन रडलो. म्हातारपण. कस्तुरीला वाटलं असेल, गरीब बिचारे काका, एवढ्याशा टॉवेलने भारावले.

आम्हा मराठी ज्यूंमध्येही पद्धत आहे. दारफाळणीच्या सणाआधी, ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जायचं, माफी मागायची. मग दारं लावून दिवसभर उपास. त्याच्या दारी न जाता देवाकडे गेलात तर देव ऐकत नाही. एकावन्न दारफाळण्या झाल्या. माझ्या दारी कोणी आलं नाही.

१३ सप्टेंबर

शनिवार. दिवसभर ‘कोखाव’चा विचार. कोखाव म्हणजे तारा. आमचा क्लब. वाळवंटातल्या आमच्या गावाला धड रस्ता नव्हता तेव्हापासूनचा!

नवगावाहून, रेवदंड्याहून, पेणहून ज्यूंच्या नव्या देशात आलेली आम्ही पोरं. कोकणात आमची ओळख शनवार तेली — शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आणि तिथे जाऊन शनिवारी फुटबॉल! सिनेगॉगमधले म्हातारे ओरडायचे, “बापानं घाणा थांबवला नि पोरगं चेंडू लाथाडतंय!” मैदान म्हणजे दगडच. पडलो की गुडघ्याची साल निघायची. गोलला खांब नव्हते, तेव्हा पाणीखात्याच्या उरलेल्या नळ्या जोडून गोल उभा केला. मी गोलकीपर. दर मोसमाआधी त्या नळ्यांना पांढरा रंग मी माझ्या हाताने द्यायचो.

माझा धाकटा भाऊ शलोम डाव्या बगलेवर. काय धावायचा! आणि हसकेल वाकरूळकर — माझा नवगावच्या शाळेतला सोबती — प्रेक्षकांचा म्होरक्या. ढोल त्याचा, घोषणा त्याच्या, आमचे बूटही तोच वाहायचा.

मारामारी पहिल्या दिवसापासून होती. खोटं कशाला लिहू! शेजारच्या गावाच्या लोकांनी आमची बस उलटवली, आम्ही त्यांच्या ढोलवाल्याचे दात पाडले. एका रेफरीला आमच्या माणसांनी बॉयलरच्या खोलीत कोंडलं होतं. बाहेर आला तेव्हा धुराने गुदमरून त्याचे ओठ निळे. त्यावर आम्ही हसलो. मीही हसलो. तेव्हा आम्हाला वाटायचं, हे सगळं बाहेरच्यांसाठी असतं.

१६ सप्टेंबर

क्लबच्या सेक्रेटरीचा फोन. आमच्या जुन्या टीममधल्या सायमन रोहेकरची नात. मराठी तिची मोडकी, पण गोड.

“मोशा अंकल, शालोम! जपान कसा हाय?”

“आवाज फार आहे.”

“अंकल, एक काम व्हतं. आपण वरच्या लीगमध्ये आलो ना? नवीन स्टँड झाला. सणांनंतर उघडायचा. कमिटी बोलते, नाव द्यायचं हसकेल अंकलचं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“शलोम अंकलच्या घरचं आता तुम्ही एकटेच. तुमची हरकत नाय बोला, मग नाव लागेल. हसकेल अंकल लय आजारी हाय. त्यांना बघू द्या ना एकदा.”

“तो कधी बोलला का, त्यानं काय केलं?”

“ते जुनं झालं ना, अंकल.”

फोन ठेवला. खाली परांचीवरून एक नळी सुटली, घरंगळली. खालचे मजूर एकमेकांची माफी मागत होते.

१९ सप्टेंबर

लिहून टाकतो. या पानाला तरी कळू दे.

१९७४, मोसमाची शेवटची मॅच. जिंकलो तर लीगमध्ये, नाहीतर खाली. शेवटच्या मिनिटांत शलोमने चेंडू आत घातला. गोल! रेफरीने शिट्टी दिली. अख्खं गाव कुंपणावर चढलं. आणि शलोम — हा वेडा — रेफरीकडे चालत गेला, उजवा हात वर केला. “हाताला लागला.”

गोल रद्द. मॅच संपली.

आधी काहीच आवाज नाही. वारासुद्धा नाही. मग मागच्या पत्र्यावर पहिला दगड पडला. मग कुंपण आडवं झालं. परक्या गावाची माणसं नव्हती ती — आमचीच! ज्यांच्या लग्नांत आम्ही जेवलो ती! कोणी शलोमचा शर्ट फाडला, कोणी केस धरले. तो ओरडला नाही. “ऐका तर, ऐका तर,” एवढंच म्हणत होता. माझा गोल त्यांनी हलवून हलवून पाडला. आडवा खांब सांध्यात तुटला. जाळी माझ्या अंगावर आली, आणि मी तिच्यात मासळीसारखा अडकलो. जेवढा धडपडलो तेवढा गुंतलो. जाळीच्या भोकांतून दिसत होतं सगळं.

हसकेलने तुटलेली नळी उचलली. पहिला घाव चुकला, दगडावर बसला — ठण्ण! दुसरा चुकला नाही. त्याचा आवाज वेगळा होता. ओला. तिसरा तर शलोम पडल्यावर!

दुसऱ्या दिवशी शलोम इस्पितळात वारला. आंघोळ मी घातली. त्याच्या केसांत रक्ताबरोबर पांढऱ्या रंगाच्या कपच्या होत्या. मी दिलेला रंग. नखाने एकेक काढल्या.

मी साक्ष दिली. पोलीस म्हणाले, घोळका होता, तू जाळीत होतास, नक्की कोण ते कसं दिसणार? हसकेलने डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली — मी जवळही नव्हतो. गावाने त्याचं ऐकलं. गावाला तेच ऐकायचं होतं.

२१ सप्टेंबर

रागाने अक्षर वेडंवाकडं येतंय.

हसकेलने क्लब वाचवला हेही खरं. पुढे दोनदा बुडाला, दिवे विकले गेले, मैदानात बकऱ्या चरल्या. यानेच तो उभा केला. पोरांना बसने न्यायचा, दगड वेचायचा, लग्नही केलं नाही. सगळा जन्म त्या मैदानात! आणि मी? त्या मैदानात पुन्हा पाय टाकला नाही — पण दर शनिवारी निकाल ऐकल्याशिवाय जेवलोही नाही. नालायक प्रेम!

स्वप्नात आज मी नळी उचलली होती. समोर हसकेल, शाळेतला, अर्ध्या चड्डीतला. मी मारत होतो. मारतच होतो. जागा झालो तेव्हा उशी खाली पडलेली आणि येमिमा दारात उभी. “पप्पा, कोणाशी भांडताय?”

२४ सप्टेंबर

नव्याचा सण, आमचं नवं वर्ष. येमिमाने नारळाच्या दुधाचा हलवा केला. कस्तुरीकडे डबा दिला. तिने परत डब्यात मुरमुऱ्याचा चिवडा दिला, रिकामा डबा देत नाहीत म्हणून.

गोड खाल्लं. आणि मग जुन्या मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं — “हरकत आहे. शलोमला हसकेलने नळीने मारलं. मी पाहिलं. त्याला नाव हवं असेल तर आधी माझ्या दारात येऊन खरं सांगू दे.”

पाठवलं.

२५ सप्टेंबर

उत्तरं. “खोटारडा.” “बावळट म्हातारा, मरायला टेकलेल्या माणसावर चिखल!” “तुझ्या भावाने गाव बुडवलं.” एकाने आवाज पाठवला, पोरगेलाच होता — “जपान काही लांब नाही हां, आजोबा. दार नीट लावून झोपा.”

येमिमाने फोन हिसकावला. “ग्रुपवर कशाला, पप्पा? शलोमकाका परत येणार आहेत का?”

“नाही. पण ह्याचं नाव लागणार आहे ना! पंधरा फुटी अक्षरांत!”

“लागू दे! जूनमध्ये क्षेपणास्त्र पडून आपल्या घराच्या काचा तुमच्या अंथरुणावर पडल्या होत्या. तिथून तुम्हाला ओढून आणलं मी. आता इथेही तेच आणताय?”

तिला रडू आलं. मला येईना.

हसकेल मात्र गप्प. ग्रुपवर आहे तो. वाचलं त्याने, खूण आली. एक अक्षर नाही.

२८ सप्टेंबर

कालची मॅच आज सकाळी कॉम्प्युटरवर पाहिली. नवा स्टँड दिसला, अजून बिननावाचा. आमच्या एका पोराने प्रामाणिकपणे चेंडू समोरच्या टीमला दिला, तर आपलेच लोक ओरडायला लागले — “शलोमचा हात! शलोमचा हात!”

म्हणजे हे अजून चालतं. शिवी झाली माझ्या भावाची! ओरडणाऱ्यांना माहीतही नसेल शलोम कोण.

मग बाटली आली. लाइन्समनच्या भुवईवर फुटली. रक्त त्याच्या झेंड्यावर. तो खाली बसला, आणि कॅमेरा दुसरीकडे वळला.

मी कप भिंतीवर मारला.

येमिमाने तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, वर ‘धोका’ लिहिलं — इथे कचरेवाल्याचा हात कापू नये म्हणून लिहितात. हे कसलं राष्ट्र! कचरासुद्धा सांगून टाकतात, की आत काय आहे.

२९ सप्टेंबर

पाऊस नाही, वारा. परांचीची जाळी फडफडतेय. घराभोवती जाळीच जाळी. आत मी.

वाऱ्यावरून खांबेटे मास्तरांची कविता आठवली. नवगावच्या शाळेत स्वतः रचून शिकवायचे. डावीकडच्या रांगेने विचारायचं, उजवीकडच्या रांगेने वारा होऊन उत्तर द्यायचं. मी डावीकडे. हसकेल उजवीकडे.

कोण ठोठावतं दार एवढ्या सांजेला?
वाट चुकला वारा मी, घ्या आसऱ्याला.
काय मोडून आलास, सांग वाऱ्या, खरं?
मोडली मी पाखरांची फांदीवर घरं.

शेवटची ओळ हसकेल इतकी खालच्या आवाजात म्हणायचा की मास्तरांचे डोळे भरायचे. मास्तर म्हणत, वाऱ्याने खरं सांगितलं म्हणून त्याला घरात घेतात, लक्षात ठेवा. पुढे वाळवंटातही कोखावच्या कपडे बदलायच्या खोलीचं दार हसकेल बूट घेऊन ठोठावायचा, मी आतून पहिली ओळ विचारायचो, त्याने दुसरी म्हटल्याशिवाय कडी काढायचो नाही. शलोम हसून लोळायचा. १९७४ नंतर ती कविता मी तोंडातून काढली नव्हती. आज काढली. चारही ओळी मीच म्हटल्या.

३० सप्टेंबर

सेक्रेटरीचा पुन्हा फोन. आवाज घाबरा. “अंकल, हसकेल अंकल घरी नाय. हॉस्पिटलात पण नाय. काल दुपारपासून कोणाला ठाऊक नाय कुठे गेले. पोरं भडकली हायत. बोलतात, तुमच्यामुळं जीव दिला असंल.”

मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल.

१ ऑक्टोबर

आज सूर्य मावळला की दारफाळणी. पांढरे कपडे इस्त्री केले. येमिमाला कामामुळे युनिव्हर्सिटीतच राहावं लागणार, उद्या उपास सुटताना येईल. म्हणाली, “साखळी लावा. कोणी आलं तरी उघडू नका, पप्पा. प्रॉमिस?”

प्रॉमिस. उघडायचा दिवसच नाही हा! सूर्य खाली आला की दार लावायचं, ते दुसऱ्या सांजेपर्यंत. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही.

मजूरही गेले. आज नळीचा आवाज नाही. लिहिणं बंद करतो. जेवून घेतो.

३ ऑक्टोबर, दारफाळणीनंतरचा शिळा सण

परवा पेन खाली ठेवलं, जेवलो, साखळी लावायला उठलो आणि बेल वाजली. भिंतीवरच्या यंत्रातून कस्तुरी — “काका, मी आहे. हे आजोबा स्टेशनवर माझ्याशी मराठीतच बोलायला लागले हो! पत्ता तुमचा. उभं राहवत नाहीये त्यांना.” पडद्यावर तिच्या मागे पांढऱ्या कपड्यांतला एक वाळका म्हातारा, दोन्ही रिकामे तळहात कॅमेऱ्यापुढे धरलेला.

मी कसं काय, माहीत नाही, पण तेच विचारलं. “कोण ठोठावतं दार एवढ्या सांजेला?”

“वाट चुकला वारा मी, घ्या आसऱ्याला.”

खिडकीत थोडंच ऊन उरलं होतं.

“काय मोडून आलास, सांग वाऱ्या, खरं?”

तो चौथी ओळ म्हणाला नाही.

“शलोमला मारून आलोय, मोशा. मीच.”

मी दार उघडलं. हसकेल आत आला. मग सणाप्रमाणे दार लावून घेतलं.