झग्याला कंबर नसते

चि. धाकट्यास,

(का ‘आदरणीय फादर’ लिहू? पहिल्याच ओळीत अडले बघ.) अनेक आशीर्वाद. आता हे आशीर्वाद मी तुला द्यायचे की तुझ्याकडून घ्यायचे, ते तुझ्या बिशपांना विचार. मी तुझं शेंबडं नाक पुसलंय, म्हणून मीच देते. उलट टपाली तुझे पाठव, म्हणजे फिटंफाट.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुर करतो आणि आई गुडघ्यापेक्षा जास्त करते. तुझे भावोजी टीव्हीसमोर बसलेत, म्हणजे बरेच असणार. तुझ्या पोटातली जळजळ कशी आहे? वेळेवर जेवतोस का, का लोकांची गाऱ्हाणी ऐकूनच पोट भरतं? खरं खरं कळव. (प्रवचनात सांगतोस तसलं नको.)

तुझं पत्र मिळालं. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला येतो म्हणतोस, पण माझ्या कपड्यांवरून कुणी चकार शब्द काढला तर त्याच पावली परत जाईन, ही तुझी अट. वा रे वा. गेल्या खेपेला तू तो टी-शर्ट घालून आलास आणि आईनं उंबऱ्यातच अडवून आधी फादरचा झगा घाल मग आत ये म्हणून सुनावलं, तेव्हा तू पिशवी उचलून आल्या गाडीनं परत गेलास. तेव्हापासून तुम्ही दोघं तोंड फुगवून बसलात आणि मी मधल्या मधे टपालखातं झालेय. आईचं काय दुखतं ते तुला ठाऊक आहे. समोरचीचा मुलगा तिकीट तपासनीस, तो सुट्टीच्या दिवशी भाजी आणायलासुद्धा काळा कोट घालून जातो. आणि आपला मुलगा देवाच्या नोकरीत असून दिसतो कसा, तर मोबाईल दुरुस्त करणाऱ्यासारखा! झगा घालून येणार असेल तरच ये म्हणावं, असं आईनं मला लिहायला सांगितलंय. (आणि त्याच दमात, त्याच्या खोलीतली गादी उन्हात टाक, असंही सांगितलंय.) मी आईच्याच बाजूची होते. ‘होते’ का म्हणते ते पुढे कळेल. मधली पानं गाळून शेवट वाचायची तुझी खोड आहे, ती या पत्रापुरती सोड.

तर मी ज्या फादरांच्या घरी स्वयंपाक आणि धुणं-इस्त्री करते, ते आमचे नवे फादरही तुझ्याच जातकुळीतले. चर्चमधली मिस्सा संपली की झगा खुंटीला आणि अंगात चौकड्यांचा शर्ट. मी झगे कडक इस्त्री करायचे आणि त्यांनी ते कपाटाला दाखवायला ठेवायचे. परवा सकाळी ते असेच चौकड्यांत दवाखान्यात गेले. आमच्या चर्चमधले एक म्हातारे बसड्रायव्हर खुब्याचं हाड मोडून तिथे पडलेत, त्यांना भेटायला. इकडे गच्चीवरची टाकी गळत होती म्हणून मी नळवाल्याला बोलावलं. हा नळवाला अंगानं आडवा, स्वभावानं लाजरा आणि डोक्यानं (देवा क्षमा कर) टाकीपेक्षा रिकामा. मेन कॉक बंद न करताच पाईप खोलला! टाकीच्या तळाचा सगळा गाळ डोक्यावर घेऊन उभा. दात कडाकडा वाजायला लागले. म्हटलं, काढ ते कपडे, वाळत घालते. आता त्याला घालायला काय देऊ? फादरांचा शर्ट त्याच्या एका दंडावरही चढेना. समोर टेबलावर इस्त्रीचा झगा होता. झग्याला कंबर नसते, कुणालाही होतो. दिला.

इथपर्यंत माझं काही चुकलं का सांग. पुढे वायसर फाटलेला निघाला आणि नवा आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात जायला हवं होतं. तो म्हणे, मावशी, कपडे वाळू द्या मग जातो. वर धार लागलेली, खाली माझ्या बादल्या भरून वाहताहेत, आणि हा कपडे वाळायची वाट बघणार! म्हटलं, जा तसाच, तुला कोण बघतंय? पाना हातात घेऊन गेला बिचारा. गेला तो गेलाच.

तेवढ्यात आमचे फादर परत. तोंड एवढंसं झालेलं. दवाखान्याच्या वॉचमननं आतच सोडलं नाही. मी फादर आहे म्हणाले, तर तो म्हणाला, इथे येणारे सगळेच कुणाचे तरी फादर असतात, चारनंतर या. म्हणून झगा घालून जायला घरी आले होते. बाई, झगा द्या म्हणाले. आता काय सांगू? म्हटलं, फादर, झगा वायसर आणायला गेलाय.

मग आम्ही दोघं शोधायला निघालो. दुकानदार म्हणाला, ते धिप्पाड फादर ना? वायसरचे पैसेसुद्धा घेतले नाहीत मी, माझ्या सासऱ्यांचं सगळं सांगितलं त्यांना, फार शांतपणे ऐकतात हो! (ऐकणार नाही तर काय करणार, तोंड उघडायला सवड कोण देतंय!) पुढे म्हणाला, ड्रायव्हरच्या बायकोनं त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. (नवे फादर आल्यापासून ती दवाखान्यातच, त्यांना पाहिलंय कुठे तिनं!) म्हातारा नळवाल्यापुढे पापनिवेदन करून बसला तर? आमचे फादर तर पळतच सुटले. दारात पुन्हा तोच वॉचमन, पुन्हा चारनंतर या. मी त्याला चांगला फैलावर घेणार, इतक्यात आतून आमचे झगेवाले महाराज आले. वॉचमननं खाडकन सलाम ठोकला. आणि नळवाला आमच्या फादरांकडे बोट दाखवून म्हणतो कसा, सोडा त्यांना, माझ्याबरोबरचे आहेत.

आत झालं होतं असं. म्हाताऱ्याशेजारी बसताच यानं कानात सांगून टाकलं, बाबा, मी फादर नाही, नळवाला आहे. म्हातारा म्हणाला, मग तर देवच पावला, त्या कोपऱ्यातल्या नळाच्या टपटपीनं माझा डोळ्याला डोळा नाही, एवढा बघ. हा बेसिनखाली गुडघ्यांवर बसला आणि माझ्या टाकीचा वायसर तिथे घालून मोकळा झाला. सगळ्या वॉर्डाला वाटलं फादर जमिनीवर बसून प्रार्थना करताहेत. नर्सनं टीव्ही बंद केला, दोघा पेशंटांनी क्रूसाची खूण केली. आणि टपटप थांबली तसा म्हातारा घोरायलाच लागला. आमच्या फादरांना तो उठेपर्यंत स्टुलावर बसून राहावं लागलं.

घरी येता येता मी विजयाचं भाषण मनात जुळवत होते. बघा, झगा असला की दारं उघडतात, वगैरे. पण नळवाल्यानं झगा काढून घडी केली (वाईट घडी केली) आणि म्हणाला, मावशी, पुन्हा हा मला देऊ नका. इथून दुकानापर्यंत जो भेटला त्यानं आपलं दुःख सांगितलं. माझ्या केसांतून पाणी गळत होतं, पण एकानंही विचारलं नाही की बाबा, तू का ओला?

धाकट्या, माझं भाषण तिथेच राहिलं. त्या दिवशी तू उंबऱ्यात उभा होतास तेव्हा आम्ही सगळे तुझा शर्ट बघत होतो. तू दुसऱ्या दिवशी तापानं झोपलास, हे तुझ्या स्वयंपाक्यानं कळवलं. उंबऱ्यात तुझ्या कपाळाला हात कुणी लावून बघितला होता?

असो. मला रडायला वेळ नाही, टाकी अजून गळतेय.

तुझी,
ताई

ता. क. : वाढदिवसाला यायचंच. झगा गल्लीच्या तोंडापासून आपल्या दारापर्यंत घाल, म्हणजे समोरचीला दिसेल आणि आईचं ऐंशीवं सार्थकी लागेल. आत आलास की काढायचा. स्वयंपाकघराच्या दारामागे त्यासाठी नवीन खिळा ठोकलाय. (भावोजींनी ठोकला, म्हणून वाकडा आहे.)

ता. क. दुसरा : हे पत्र आईला वाचून दाखवलं. नळवाल्याला हसली. मग म्हणाली, झग्यात माणूस सुकला की सुटला, काही कळत नाही. त्याला लिही, गल्लीतूनही शर्टातच ये.