चित्र अडकलंय, मी नाही

प्रिय भिंगरी,

बाबांचं पत्र आलं म्हणजे काहीतरी गडबड आहे, असं तुझ्या मनात येणार. म्हणून आधीच सांगतो. मी बरा आहे, म्हणजे मागच्या खेपेला तू बघून गेलीस तेवढा. तुझी आई बरी आहे, म्हणजे माझ्यावर चिडण्याइतकी ठणठणीत. आणि माझा कॉम्प्युटरही आता बरा आहे. मधे आजारी पडला होता तो तोच, आणि त्याच्या आजारपणात घरात जे काही झालं ते तुला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी कळलंय. आज सगळं सलग सांगतो. पत्रात एक सोय असते, समोरच्याला मधे बोलता येत नाही. माझ्यासारख्या सावकाश बोलणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे.

आयुष्यभर मी किती बोललो ते तुला माहीत आहे. टायपिंगच्या क्लासात मुलं म्हणायची, सरांचं तोंड आणि मशीन एकदम बंद पडलं तरच सुट्टी. आधी हात गेले, मग जीभ जड झाली, मग आवाज गेला. राहिले ते डोळे, आणि डोळ्यांपुढची ही स्क्रीन. तिच्यावरच्या अक्षराकडे बघून नजर जरा रोखायची, की 'टिक्' असा आवाज होऊन ते अक्षर उमटतं. वाक्य झालं की कोपऱ्यातल्या ओठांच्या चित्राकडे बघायचं, की कॉम्प्युटर ते बोलून दाखवतो. तेही माझ्याच आवाजात, आणि ते तुझ्यामुळे. आवाज जायच्या आधी तू माझ्या मानगुटीवर बसून ती ढीगभर वाक्यं माझ्याकडून वाचून घेतली नसतीस, तर आज मी कुठल्या तरी परक्या, गुळगुळीत माणसाच्या आवाजात तुझ्या आईकडे चहा मागत असतो. तिने तो दिलाही नसता.

तर झालं असं. एका सकाळी स्क्रीनवर विचारणा आली, नवीन अपडेट आलंय, आत्ता घ्यायचं की नंतर? तुझी आई म्हणाली, दारात आलेल्याला नंतर या असं कसं सांगायचं, आणि तिने 'आत्ता'वर बोट ठेवलं. कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला, आणि शेवटी आंघोळ करून आल्यासारखा चकचकीत उभा राहिला. दुपारपर्यंत काही तक्रार नव्हती. मग मी 'पाठ खाजवतेस का' असं लिहायला घेतलं, आणि 'पाठ'पर्यंत आल्यावर सगळं होतं तिथे थिजलं. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं. माझ्या नजरेबरोबर फिरणारा तो निळा ठिपकाही जागच्या जागी. तुझ्या आईला वाटलं मी विचार करतोय. ती बराच वेळ समोर उभी राहून 'पाठ' या शब्दाकडे बघत होती, आणि मग म्हणाली, "पाठ काय? काहीतरी हरवल्यासारखं काय बघताय?" खाज कुठे होती ते सांगण्याची मला काही सोय नव्हती.

बटण दाबून धरलं की बंद व्हायचा, पुन्हा लावला की थोडा वेळ चालायचा, आणि पुन्हा थिजायचा. कधी दोन वाक्यांनंतर, कधी अर्ध्या शब्दावर. तू पाठवलेला समुद्राचा व्हिडिओ लावला की हमखास. आईने वायर बदलून पाहिली, टेबलफॅन लावून पाहिला, एकदा मागच्या बाजूला थाप मारून पाहिली. तिच्या शिलाई मशीनला ते लागू पडतं. आमचं बोलणं मग होय-नाहीवर आलं. डोळे वर केले की होय, मिटले की नाही. यात एक गोम आहे. मला उत्तर देता येतं, पण प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो. आणि बरोबर प्रश्न विचारणं ही काय चीज आहे, ते मला त्या दिवसांत कळलं. चहा हवा का, हवा. कूस बदलायची का, नाही. पण खिडकीतला तो उन्हाचा पट्टा थेट डोळ्यांत येतोय, हे कोण विचारणार? तुझी आई बिचारी अंदाजाने विचारत राहायची आणि मी डोळे मिटत राहायचो. शेवटी तिचेही भरून यायचे, मग ती शिवायला आलेलं पडद्यांचं कापड घेऊन पुढच्या खोलीत जाऊन बसायची.

मग कोपऱ्यावरच्या दुकानातून दुरुस्तीवाला आला. माणूस सज्जन. त्याने खोका उघडला, धूळ उडवली, आतलं काहीतरी काढून पुसून परत बसवलं. लावला, तर सुरू. मी 'आभारी' लिहीपर्यंत 'आभा'वर थिजला. तो म्हणाला, "काकू, यात फार डोकं घालू नका. फॉरमॅट मारतो. कोरा करकरीत होईल, मग सगळं परत टाकू." आई म्हणाली, "सगळं परत येतं ना?" तो म्हणाला, "येतंच की." दोघांची तोंडं कॉम्प्युटरकडे आणि पाठी माझ्याकडे.

भिंगरे, सगळं परत आलं असतं, माझा आवाज सोडून. तो या एकाच यंत्रात होता. दुसरी प्रत काढून ठेवायची असं तू म्हणाली होतीस, मी म्हणालो होतो, आई म्हणाली होती, आणि तिघंही 'करू सावकाश' म्हणत राहिलो होतो. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. बघायला कोणी नव्हतं. दुरुस्तीवाला पिशवीत काहीतरी शोधायला लागला. मी त्या थिजलेल्या अक्षरांकडे नुसता बघत राहिलो, दुसरं बघण्यासारखं होतंच काय? आणि तेवढ्यात ऐकू आलं, 'टिक्'.

आधी वाटलं भास झाला. मी नजर बाजूच्या अक्षरावर नेली, रोखली. पुन्हा 'टिक्'. स्क्रीनवर काही हललं नाही, ठिपका होता तिथेच. पण यंत्र माझे डोळे बघत होतं आणि अक्षरं घेत होतं. ते मेलं नव्हतं, मला दाखवत तेवढं नव्हतं. आणि न बघता टाइप कसं करायचं, हे मी पोटापाण्यासाठी किती वर्षं शिकवलंय! कळफलकाकडे बघणारा विद्यार्थी दिसला की मी त्याच्या हातांवर पुठ्ठ्याची पेटी उपडी घालायचो. आज माझ्यावर कोणीतरी तशी पेटी घातली होती, एवढंच. कुठलं अक्षर कुठे बसतं ते मला झोपेतही माहीत आहे. मी एकेका 'टिक्'ची वाट बघत लिहिलं. काय लिहिलं जातंय ते दिसत नव्हतं, खोडायची सोय नव्हती. घाम आला. मग नजर ओठांच्या चित्राच्या जागी नेली, आणि कॉम्प्युटर माझ्या आवाजात म्हणाला, "थांबा. चित्र अडकलंय, मी नाही."

दुरुस्तीवाल्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तुझी आई वळली. तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, तिथे अजून 'आभा' होतं, आणि एकदा माझ्याकडे. "तुम्हाला अक्षरं दिसतायत?" मी लिहिलं, "नाही. पाठ आहे." तिला इतक्या दिवसांचा तो अर्धा शब्द आठवला असणार. ती मागे आली, मला पुढे झुकवलं आणि माझी पाठ खाजवू लागली. मला हसता येत असतं तर खुर्चीतून पडलो असतो. पण खोटं कशाला सांगू, मी तिला लगेच थांबवलं नाही.

मग तिने वाचाबाईंना फोन लावला. माझे वाचा-उपचार करणाऱ्या, ज्यांनी हा सगळा संच बसवून दिला त्या, ज्यांना तू गमतीने कडक मावशी म्हणतेस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आवाज चालू, नजर चालू, फक्त चित्र थांबतंय? मग ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं काम दिसतंय. आई म्हणाली, "आमच्याकडे ड्रायव्हर कुठला?" त्यांनी समजावलं, की कॉम्प्युटरने सांगितलेलं चित्र स्क्रीनपर्यंत पोचवायला आत एक मध्यस्थ असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्या अपडेटबरोबर नवा आला असेल, आणि तुमच्या यंत्रातल्या जुन्या चिपशी त्याचं जमत नसेल. आईला हे ताबडतोब पटलं. शिवण बिघडली की शेवटी घातलेला टाका आधी उसवायचा, म्हणाली, ही तर आमच्याच धंद्यातली गोष्ट. त्यांनी एक तात्पुरती युक्तीही सांगितली. चार कळा एकदम दाबल्या की स्क्रीन एकदा मिचकावते आणि चित्र परत चालू होतं. आईने दाबल्या, आणि 'आभा'च्या पुढे माझी न बघता लिहिलेली वाक्यं धडाधड उमटली. एक काना चुकला होता. माझ्या क्लासात तेवढ्यावर पास करायचो.

आधी आवाजाची प्रत काढली. एक नाही, दोन. मग खरी उसवाउसव सुरू झाली, वाचाबाई फोनवर, दुरुस्तीवाला शेजारी, आणि माउस तुझ्या आईच्या हातात, कारण तो तिने कोणाला दिला नाही. जुना ड्रायव्हर परत आणायचं बटण होतं, पण ते फिकट पडलेलं, दाबलं तरी दबेना. मग कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी जरुरीपुरता चालू करून नवा ड्रायव्हर काढला, आणि यंत्राच्या कंपनीच्या साइटवरून त्याच्या आधीचा उतरवून घेतला. चालू केला, छान चालला, आम्ही चहा घेतला, आणि पुन्हा थिजला. नवे महाराज आपोआप परत येऊन बसले होते. दारातून घालवले ते खिडकीतून आत. आईने पदर खोचला, इंटरनेटची वायर उपटली, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, आणि ड्रायव्हर आपण होऊन बदलायचे नाहीत अशी ताकीद सेटिंगमध्ये लावल्यावरच वायर परत जोडली. मग तुझा समुद्र लावला. लाटा येत राहिल्या, जात राहिल्या. जेवण होईपर्यंत, भांडी होईपर्यंत, ऊन उतरेपर्यंत. एकदाही अडकल्या नाहीत. आई खुर्ची ओढून बसली आणि तिने तो व्हिडिओ पहिल्यांदाच नीट पाहिला. म्हणाली, केवढं पाणी आहे हो.

आता दुसरं सांगतो. कॉम्प्युटर बंद होता त्या दिवसांत तुझा फोन आला होता. मला ती न बघता लिहायची युक्ती अजून सुचायची होती. आईचे दोन्ही हात कापडात गुंतलेले, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला, आणि मधलं दार उघडं होतं. आवाज गेलेल्या माणसाला ऐकूही येत नाही असं लोकांना वाटतं, पण तू तरी तसं समजायला नको होतंस. समुद्राच्या तळाशी केबल टाकणाऱ्या त्या जहाजावर तुला मुख्य इंजिनिअर म्हणून बोलावलंय, आणि तू नाही म्हणणार आहेस. "मी समुद्राच्या मधोमध असताना बाबांची स्क्रीन अशीच थांबली तर?" असं तू म्हणालीस, आणि मग, "त्यांना सांगू नकोस." आईची कात्री बराच वेळ चालली नाही. मी इकडे होय आणि नाही, दोनच शब्दांचा धनी, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं.

आता विचारलं नसतानाही सांगतो. जा. फोनवर हे बोललो असतो तर तू माझं वाक्य अर्ध्यावर ओळखून, तुझ्या मनासारखं पुरं करून टाकलं असतंस, म्हणून पत्र लिहिलं. माझा आजार परत फिरणारा नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. स्क्रीन पुन्हा कधीतरी थांबेल, आणखीही काही काही थांबेल, आणि त्यातलं बरंचसं तू शेजारच्या खोलीत असतीस तरी थांबलंच असतं. पण आम्ही दोघं काय करू शकतो ते आम्हालाच या महिन्यात कळलंय, ते तुलाही कळावं. लहानपणापासून उघडता येईल ते सगळं तू उघडून पाहिलंस. आता कोणीतरी तुझ्या हातात अख्खं जहाज देतंय, आणि ते माझ्या नावाने परत गेलं तर ते ओझं मला पेलणार नाही. नकार कळवला नसशील तर कळवू नकोस. कळवला असशील तर आजच फोन करून मागे घे. सुट्टीला आलीस की पाण्याखालच्या गोष्टी सांग, मी सावकाश प्रश्न विचारीन.

पत्र इथपर्यंत छापून आईला वाचायला सांगितलं तेव्हा वाटलं ती रागावेल, किंवा रडेल. तिने ते उभ्यानेच वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग म्हणाली, "खाली लिहा, डेकवर वारा बोचरा असणार. आतून लोकर लावून जाड कोट शिवते. मापं पाठव म्हणावं, आणि खांद्याचं नीट घे, मागच्या वेळी चुकवलं होतंस."

तर मापं पाठव.

तुझाच, होय म्हणायला डोळे वर करून बसलेला,
बाबा