गावकी, जमात आणि रद्द केलेले कलम

मी, दत्ताराम शंभू आंब्रे, वय ६४, धंदा पाट्या रंगवणे, मूळ तालुका गुहागर, हल्ली मुक्काम उम्म अल हस्सम, बहरीन, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गेल्या वर्षीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. गावचे घर, परडे आणि बँकेतली शिल्लक पत्नी पूर्णिमा हिला. तिने कोणाला विचारण्याची गरज नाही. तशी ती विचारतही नाही.

२. गाडी मुलगा ऋत्विक याला. माझे ब्रशही त्यालाच, मात्र सूनबाईने ते केसांना मेंदी लावायला घेऊ नयेत.

३. आधी कलम असे होते : ‘अलीमियाँने माझ्या प्रेताजवळ फिरकू नये.’ हे कलम रद्द. कारण सांगणे भाग आहे.

अलीमियाँ माझ्याच गावचा. आम्ही एकाच वर्षी इथे आलो. आमच्या गावच्या इथल्या माणसांची सभा दर महिन्याला जनाबियात त्याच्या घरी भरते. कोणी आजारी पडला, कोणाची नोकरी गेली, कोणी वारला, तर काय करायचे याचे नियम तीच करते. आमची विधानसभाच म्हणा. आम्ही हिंदू तिला गावकी म्हणतो, मुसलमान जमात म्हणतात. पाटीवर दोन्ही नावे घालायचे ठरले, एक मराठीत, एक उर्दूत. पण वर कोणते? मानपानावरून जुंपली. मी म्हणालो, “ब्रश माझा आहे.” तो म्हणाला, “भिंत माझी हाय.” सभा फुटली. दीड वर्ष अबोला. मला ते फार लागले.

यंदा रमजान ईदेला त्याची बायको जमीलाभाभी शिरखुर्मा घेऊन आमच्याकडे आली. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दाखवत म्हणाली, “दत्तारामभाई, ही तुमीच रंगवलीत ना? इंग्रजी डावीकडनं, अरबी उजवीकडनं, एकाच वळीत. मग आपलीच वर-खाली कशाला?”

अशा शेकडो पाट्या मी तीस वर्षे रंगवल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा! आधी लाजलो, मग पोट धरून हसलो. आता गावकी डावीकडून सुरू होते, जमात उजवीकडून. दोघेही पहिले. जीव भांड्यात पडला.

४. अलीमियाँला या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो. माझ्या तिरडीला पहिला खांदा त्याचा. कोणी शास्त्र काढलेच, तर त्याला पूर्णिमाकडे पाठवावे.

वाचून, समजून सही केली.
दत्ताराम शंभू आंब्रे
उम्म अल हस्सम, ३ मे २०२४

आमच्यासमोर सही झाली :
१. प्रशांत घाणेकर
२. बासित परकार

व्यवस्थापक : नेमणूक कबूल. पण माझा खांदा दुखतोय, दत्ताराम. अजून धा-वीस वर्षं थांब.
— अलीमियाँ