दव वाळेपर्यंत

८ डिसेंबर

पुन्हा तेच! फवारणी होऊन आठवडा झाला, तरी कांद्याच्या पातीवरचे डाग वाढतायत. आधी पाण्यात भिजल्यासारखे, मग वाळल्या गवताच्या रंगाचे. शेंडे माना टाकतायत. आप्पा म्हणतात, "करपा आहे, दुसरं काय!" पण नेहमीच्या करप्याला जांभळट वलयं असतात. इथे नाहीत.

९ डिसेंबर

रोगतज्ज्ञ बाई आल्या. डागाळलेली पात कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरली. कापातून दुधासारखी बारीक रेघ खाली उतरली. "बुरशी नाही, जिवाणू आहेत. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला झालंय तुमचं!" युरिया बंद, तुषार सिंचन बंद. आणि पात ओली असताना रानात पाऊल टाकायचं नाही — ओला हात एका पातीचा रोग दुसरीला देतो.

डाग कुठून कुठे गेलेत ते मी रोज बघतेय. ती आप्पांच्या पहाटेच्या फेरीची वाट आहे. आधी ती फेरी दोघांची होती. आई गेल्यापासून ते दवात एकटेच फिरतात, तिच्यासारखा पातीवरून हात फिरवत. कसं सांगू?

१० डिसेंबर

सांगितलं. आप्पा स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. "म्हणजे मीच?"

१९ डिसेंबर

दव वाळेपर्यंत आप्पा बांधावर बसून असतात, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. पण तांब्याचं औषध मारल्यापासून डाग थांबलेत!

२७ डिसेंबर

विहिरीपलीकडच्या वाफ्यातही डाग! तिथे तुषार नाही, आप्पांची फेरीही नाही. बाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्हीकडे बी कुठलं?"

आईचं. आजारपणात खाटेवर बसून निवडलेलं, शेवटचं. बियाण्याच्या बाबतीत आई महाचिक्कू — सख्ख्या बहिणीलाही कधी चिमूटभर दिलं नाही. उरलेलं पत्र्याच्या डब्यात आहे. पुढच्या हंगामात आप्पा तेच टाकणार. त्यातलं मूठभर तपासणीला दिलं.

९ जानेवारी

रोग बियाण्यातच आहे. सगळं पीक उपटून जाळायला सांगितलंय बाईंनी.

न सांगावं, तर पुढच्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न. आणि सांगावं तर… नको वाटतं. संध्याकाळी सांगून टाकलं. "आप्पा, तुमच्यामुळे पसरला असेल थोडाफार. पण आला तो बियाण्यातून." वाटलं होतं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. पण ते म्हणाले, "माझ्याच माथी राहू दिलं असतंस, तर काय बिघडलं असतं गं?"

मी आत जाऊन रडले.

११ जानेवारी

उपटलेल्या पिकाच्या जाळात आप्पांनी स्वतः डबा रिकामा केला. मला हात लावू दिला नाही.

शेजारचे काका बांधावर आले. "अहो, एवढं पीक कशानं गेलं?"

"मी दवात फिरायचो ना," आप्पा म्हणाले. "माझ्याच हातानं गेलं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.